सहाचे दहा

३ ऑगस्ट, सोमवार

सिग्नल्स अँड सिस्टिम्स अखेर माझ्या गळ्यात पडलं. हा विषय शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि विभागप्रमुखांनी मला खोलीत बोलावून चहा पाजला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"तुमच्यासारखा अनुभवी माणूस दुसरा नाही, सर."

"अहो, मी मोटर शिकवतो. ट्रान्सफॉर्मर शिकवतो."

"म्हणूनच तर!"

मोटर हात लावून बघता येते. तापली की वास येतो, बिघडली की घरघरते. सिग्नलला हात लावायचा कुठे? पुस्तक घरी आणलंय. पहिल्याच पानावर म्हटलंय की काळाबरोबर बदलणारी आणि काहीतरी सांगणारी कुठलीही गोष्ट म्हणजे सिग्नल. अंगातला ताप, माणसाचा आवाज, छातीचे ठोके, सगळं. आणि एक सिग्नल आत घेऊन दुसरा बाहेर काढते ती सिस्टीम. म्हणजे जगातलं काही सुटलंच नाही.

रजेवरच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तास झाला की काय जमलं, काय फसलं ते रोज लिहा. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं." म्हणून हे लिहिणं.

बायकोला ही बातमी सांगितली. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून काहीतरी चिरत होती. काही बोलली नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, तरी नाही. मग मीही तोंड मिटलं.

५ ऑगस्ट, बुधवार

पहिला तास. फळ्यावर एक चौकोन काढला, डावीकडून बाण आत, उजवीकडून बाण बाहेर. आत इनपुट, बाहेर आउटपुट, मधे सिस्टीम. पाच मिनिटांत संपलं आणि पन्नास मिनिटं उरली.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. स्टाफरूममध्ये तिला सगळे 'शंका' म्हणतात. तिनं हात वर केला. "सर, माणूस ही सिस्टीम आहे का?"

"परीक्षेला येणार नाही," मी म्हणालो. वर्ग हसला. ती हसली नाही, तिनं ते वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "ही दाढीमिशी काढा हो आता."

सुट्टीत वाढवलेली आहे. मिशी जरा ओठांवर आलीय, पण स्टाफरूममध्ये सगळ्यांना आवडली. "का? शोभत नाही?"

"तोंड दिसत नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला नवऱ्याचं तोंड बघायचंय, हे ऐकून बरं वाटायला हवं. पण तिनं ते तक्रारीच्या सुरात म्हटलं. मी काढणार नाही.

९ ऑगस्ट, रविवार

आज ताईकडे जायचं होतं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. गाडीनं दोन-तीन तास लागतात, म्हणून काल मोज्यांची जोडी शोधता शोधता बायकोला सांगितलं होतं की सकाळी सहाला निघू. आज सहाला मी बूट घालून दारात, आणि ही झोपलेली.

"दहाला म्हणालात ना?" ती म्हणाली.

"सहाचे दहा कसे होतील?"

"मला दहाच ऐकू आलं."

म्हणजे चूक माझ्या बोलण्याची! पोचलो तेव्हा ताईचं जेवण निवत चाललं होतं. जेवताना ताईची मुलं, सुना, नातवंडं सगळी एकदम बोलत होती. बायको नुसती हसत बसली. कुणी काही विचारलं की मान हलवायची आणि हसायचं. निघताना ताईनं मला बाजूला घेतलं. "वहिनीचं काही बिनसलंय का रे? मी विचारलं, गुडघा कसा आहे, तर म्हणाली, हो, खूपच गोड आहे."

मी म्हटलं, दमलीय. पण माझ्या माणसांत तिला बसवत नाही, हे मला पूर्वीपासून वाटत आलंय. फक्त इतकं उघड कधी दिसलं नव्हतं.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

लीनिअर सिस्टीम. इनपुट दुप्पट केलं तर आउटपुट दुप्पट व्हावं, आणि दोन इनपुट एकत्र दिले तर दोघांच्या वेगवेगळ्या आउटपुटची बेरीज मिळावी. त्यापेक्षा कमी नाही आणि जास्तही नाही. मला ही कल्पना आवडली. प्रामाणिक दुकानदारासारखी आहे.

"सर, अशी एकही खरी गोष्ट असते का?" शंका.

"थोड्या मर्यादेत असते. स्पीकरचा आवाज वाढवत नेला की एका टप्प्यानंतर तो फाटतो. तिथपर्यंत लीनिअर म्हणायचं."

घरी येताना विचार केला. बायकोशी मी एकटा समोर बसून बोललो तर ती छान बोलते. ताई एकटी समोर असली तरीही बरं चालतं. चौघं एकत्र जमली की मात्र सगळं बंद. बेरजेचा नियम इथे लागू नाही.

आणखी एक. धुण्याचं मशीन काम संपलं की टूं टूं करून ओरडतं. हल्ली ते ओरडत राहतं आणि ही शेजारच्या खोलीत शांतपणे वाचत बसते. कपडे आतच आंबतात. मी उठून वाळत घालावेत असं तिला वाटत असेल तर तिनं सरळ सांगावं. असहकार कशाला?

२० ऑगस्ट, गुरुवार

रजेवरच्या बाईंनी फोनवर सुचवलं, म्हणून वर्गाला रिकाम्या सभागृहात नेलं. एकच टाळी वाजवली. ती भिंतींवर आपटून परत आली, लांबली, विरली. मग सगळ्यांना सामानाच्या खोलीत कोंबलं आणि तिथे टाळी वाजवली. ती जागच्या जागी मेली.

"टाळी तीच होती," मी म्हणालो. "फरक खोलीचा. एका छोट्याशा धक्क्याला सिस्टीम जे उत्तर देते, त्यात तिचा सगळा स्वभाव येतो. पुढे तुम्ही तिथे भाषण करा नाहीतर गाणं म्हणा, ते अशा बारीक बारीक टाळ्यांची रांगच असतं. प्रत्येक टाळी आपलं शेपूट मागे सोडत जाते आणि ती शेपटं एकमेकांवर चढतात."

मागच्या बाकावरची मुलंसुद्धा ऐकत होती. मोटर शिकवताना माझ्याकडे इतक्या जणांनी कधी बघितलं नव्हतं.

२७ ऑगस्ट, गुरुवार

किराणा दुकानात बायकोच्या शाळेच्या मुख्याध्यापिका भेटल्या. ती तिथे बालवर्गाला शिकवते. माझा हात धरून म्हणाल्या, "बाई सोडून चालल्या, आम्हाला फार जड जातंय हो. तुम्ही तरी समजवा ना."

मी मान हलवली आणि हसलो. काय कळणार होतं त्यांना? मला मात्र पायाखालची फरशी सरकल्यासारखं झालं. ती नोकरी म्हणजे तिचा जीव. सणकीत ती कधी काही करत नाही. एवढं ठरवलं आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. मग आणखी काय काय ठरवलंय?

साबण घ्यायला गेलो होतो. साबण न घेताच घरी आलो.

२ सप्टेंबर, बुधवार

विचारलं नाही. विचारलं आणि तिनं खरं सांगितलं तर?

आता नीट लक्ष ठेवलंय. जेवताना ती पूर्वी माझ्या शेजारी बसायची, आता समोर बसते. दिवा माझ्याच तोंडावर पडेल असा वळवते. आणि मी बोलत असलो की इतकं टक लावून बघते, की घास गिळवत नाही. निरोप घेणारं माणूस असं बघतं.

वर्गात फूरिए या फ्रेंच गणितज्ञाचा सिद्धांत सुरू केला. कुठलाही आवाज हा जाड आणि बारीक स्वरांच्या लाटांची बेरीज असतो, आणि त्या लाटा सुट्या करता येतात. गणित लांबलचक आहे. फळ्यावर एक चिन्ह चुकलं, ते शंकानं दाखवलं. मी तिचे आभार मानले, तर तीच दचकली.

८ सप्टेंबर, मंगळवार

उद्या फिल्टर. लो-पास म्हणजे जाड स्वर सोडतो, बारीक अडवतो. नुसती आकृती काढून उपयोग नाही, ऐकवायला हवं. म्हणून संगणकावर माझ्याच आवाजात एक वाक्य भरलं. "सहा शिंपी सकाळी शिड्या घेऊन शाळेत शिरले." स आणि श भरपूर, कारण ती अक्षरं वरच्या, बारीक स्वरांत असतात. मग त्याचीच दुसरी प्रत करून तिच्यातले बारीक स्वर कापून टाकले. अफलातून झालं. पहिलं स्वच्छ. दुसऱ्यात मी गोधडीतून बोलतोय असं वाटतं, आणि शिंप्यांचं काय झालं ते देवालाच ठाऊक.

इतका खूश झालो की अबोला विसरून बायकोला हाक मारली. खांद्याला हात लावून खुर्चीवर बसवलं. दोन्ही लावून दाखवलं, एकामागून एक.

"फरक सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कसला फरक?"

परत लावलं.

"दोनदा तेच लावलंत," ती म्हणाली आणि उठून गेली.

तासन् तास खपून केलेल्या कामाची ही किंमत. एखाद्याशी कुणाला बोलायचंच नसलं की असं होतं. ठीक आहे.

९ सप्टेंबर, बुधवार

हे सावकाश लिहितो.

वर्गात आधी कापलेलं वाक्य लावलं. पोरं हसायला लागली. एक म्हणाला, "शेजारच्या घरातलं भांडण आहे सर. भांडतायत एवढं कळतं, कशावरून ते कळत नाही." मग स्वच्छ वाक्य लावलं आणि 'शिंपी' ऐकून वर्ग फुटला. इतका चांगला तास मी आजवर घेतला नव्हता.

शंकाचा हात वर. "सर, एखाद्याला दोन्ही सारखीच वाटली तर?"

"तर फिल्टर त्याच्या कानातच बसलेला आहे, असं समजायचं," मी म्हणालो आणि फिल्टरचा आलेख काढायला फळ्याकडे वळलो, डावीकडे जाड स्वर, उजवीकडे बारीक. डावीकडून सरळ चालत येणारी रेघ, मग घसरण. घसरण अर्धी काढून झाली आणि खडू तिथेच थांबला.

मशीनचं टूं टूं. सहाचे दहा. गुडघा कसा आहे, खूप गोड आहे.

"सर?" शंका म्हणाली. "बरं वाटत नाहीये का?"

मी त्यांना लवकर सोडलं.

घरी ती ओट्याशी होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि दिवा लावला. म्हटलं, "तुला स ऐकू येत नाही ना?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "परत बोला. त्या झुडपातून काही कळत नाही."

मी न्हाणीघरात गेलो, आधी कात्री चालवली, मग वस्तरा. हनुवटीला दोन ठिकाणी कापलं. बाहेर येऊन पुन्हा विचारलं.

"नाही येत," ती म्हणाली. "श पण नाही. वर्ष होऊन गेलं असेल."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही मला फळ्यावर काढलं असतंत."

ते खरं होतं. ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "आईचं असंच झालं होतं. तिच्यासमोर आम्ही तिच्याबद्दल बोलायचो आणि ती हसत बसायची. त्या रविवारी ताईंकडे आरशात बघितलं, तर तेच हसू."

"आणि शाळा?"

"एक चिमुरडी माझ्या पदराला धरून काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, छान छान, शहाणी गं माझी. ती सांगत होती, पोटात दुखतंय. मग तिला उलटी झाली तेव्हा कळलं. अशा बाईनं लहान मुलांना सांभाळायचं नसतं."

मी तिचा हात धरला. पीठ लागलेलं होतं. म्हटलं, "मला वाटलं, तू मला सोडून चाललीस."

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"हे 'काही नाही' मात्र मला अगदी स्पष्ट ऐकू येतं," ती म्हणाली, आणि मग ते वाक्य मला आणखी दोनदा, सावकाश, तोंड नीट उघडून म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा तिला कळलं, तेव्हा ती हसता हसता रडली.

१२ सप्टेंबर, शनिवार

कानाची तपासणी. तिला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तपासणारी मुलगी बाहेर, यंत्रापाशी. मी शिक्षक आहे म्हटल्यावर तिनं मलाही एक हेडफोन दिला.

सुरुवातीला जाड सूर. मला ऐकू आला आणि लगेच काचेपलीकडे तिचा अंगठा हलला. मग थोडा बारीक, पुन्हा हलला. मग आणखी बारीक. मला ऐकू येत होता. तिचा अंगठा स्थिर. तपासणारीनं आवाज वाढवला, आणखी वाढवला. माझ्या कानात आता पक्षी ओरडत होता आणि बायको काचेमागे शांतपणे, शहाण्या विद्यार्थिनीसारखी, पुढच्या सुराची वाट बघत होती.

मी हेडफोन काढून ठेवला.

कागदावर आलेख आला. डावीकडून सरळ रेघ, मग घसरण. बुधवारी अर्धी राहिलेली माझी रेघ इथे पूर्ण झाली होती. मी तिला समजावून सांगायला तोंड उघडलं. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं आणि तिची पर्स धरून उभा राहिलो.

२४ सप्टेंबर, गुरुवार

कानाची यंत्रं मिळाली. शेंगदाण्याएवढी. मी तपासणारीला विचारलं की सगळाच आवाज मोठा करून का देत नाही. ती म्हणाली, "काका, जाड आवाज काकूंना येतोच. तो वाढवला तर बसमध्ये बसता येणार नाही. जे कमी आहे तेवढंच वाढवायचं, आणि तेही मोठा आवाज आला की कमी वाढवायचं." म्हणजे दुप्पट दिलं तर दुप्पट मिळणार नाही. लीनिअर नाही. मला हे फार मोलाचं वाटलं, पण ऐकायला कुणी नव्हतं. बायको दारातल्या पायपुसण्यावर पाय घासत उभी होती. पुन्हा पुन्हा घासत होती.

"हे एवढं वाजतं?" ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिचं डोकं उठलं. नळ म्हणजे धबधबा, वर्तमानपत्र म्हणजे आग लागल्यासारखं. जेवताना तिनं चमचा खाली ठेवला. "तुम्ही नेहमीच असं चावता?"

"कसं?"

"काही नाही. जेवा."

मग तिनं यंत्रं काढून डबीत ठेवली. म्हणाली, "मला जमणार नाही."

१ ऑक्टोबर, गुरुवार

रोज थोडा थोडा वेळ घालते. आज दुपारपर्यंत घातली. नळ आता नळासारखा वाजतो म्हणाली. नळ तोच, यंत्र तेच, त्यातला आकडाही कुणी हलवला नाही.

वर्गात टाइम-इनव्हेरियंट सिस्टीमची उजळणी होती. आज जे इनपुट देऊन जे मिळालं, तेच इनपुट महिन्यानं दिलं तर तेच मिळतं, फक्त महिन्यानं उशिरा. मी शंकाला म्हणालो, "तू पहिल्या दिवशी विचारलं होतंस, माणूस सिस्टीम आहे का. असेलही, पण या जातीची नाही." तिनं विचारलं, परीक्षेला येईल का. म्हटलं, नाही. तरी तिनं लिहून घेतलं.

बायको आज मुख्याध्यापिकांकडे आपणहून गेली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं की त्यांनी एव्हाना ओळखलं असेल. पण त्या म्हणाल्या, "अहो, मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलायत!" वर्षअखेरपर्यंत राहायचं ठरलंय. मधल्या सुट्टीचा दंगा दुसऱ्या बाई सांभाळतील. त्यानंतर बघू. यंत्रं लावूनही गर्दीत तिला सगळं येत नाही, आणि कधी येईल असं कुणी म्हटलेलं नाही.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सकाळी दोघांनाही उशीर झाला. मला पेपर तपासायला जायचं होतं, तिची यंत्रांची डबी सापडेना. ती फडताळात मिळाली आणि आम्ही धावतच बाहेर पडलो.

माझं लवकर आटोपलं म्हणून तिला घ्यायला शाळेत गेलो. वर्ग सुटायचा होता. खिडकी बंद, मी काचेतून बघत होतो. ती छोट्या खुर्चीवर बसली होती, केस कानामागे घेतलेले, यंत्रं उघडी. एक नवीनच मुलगी, गुडघ्याएवढी, तिच्या जवळ येऊन काहीतरी पुटपुटली. बायकोनं मान हलवली नाही. हसलीही नाही. वाकून तिचं तोंड बघितलं आणि काहीतरी म्हणाली. पोरीनं पुन्हा सांगितलं. बायकोनं पुन्हा विचारलं. पोर कंटाळली नाही. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले, मग काढले, आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. त्यासरशी बायको खाली बघून खो खो हसत सुटली, आणि सगळा वर्ग तिच्या पायांशी गोळा झाला.

बाहेर आल्यावर विचारलं, "काय सांगत होती ती?"

"तुम्ही खिडकीशीच होतात ना?"

"मधे काच होती. काही ऐकू आलं नाही."

"म्हणाली, बाई, तुमच्या चपला एकमेकींच्या नाहीत."

मी खाली बघितलं. डावी काळी, उजवी तपकिरी. अख्खा दिवस ती तशी वावरली होती. मुख्याध्यापिकांशी बोलली होती, शिपायाला भेटली होती.

"सकाळी आपण एकाच दारातून बाहेर पडलो," ती म्हणाली. "तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही."

"उद्या तुमचे डोळे तपासून घेऊ," ती म्हणाली, आणि त्याच चपला घालून भाजीच्या दुकानाकडे वळली.